आमची पिकअप व तिच्या पाठीवरील खोली

प्रवासाची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. परंतु घर सोडून राहण्याची हौस मात्र थोड्यांसच असते. म्हणूनच कीं काय, मनुष्य जेथें जेथें गेला तेथें तेथें घराचा एखादा तुकडा त्यानें बरोबर नेला. आपल्या वऱ्हाडांत जुन्या काळीं म्हातारीं माणसें व लेंकुरवाळ्या बायका यांस परगांवीं न्यावयाचें झालें म्हणजे दमणी जुंपीत. तिच्यांत कडब्याचा किंवा गवताचा जाड थर, त्यावर गोधडी, व हाताशीं पाण्याचें भांडें. मिशनचे जुने कार्यकर्ते थंडीच्या दिवसांत खेड्यांचा दौरा करीत, तेव्हां त्यांच्या बैलगाडींत तंबू, खाट, कंदील व स्वयंपाकाचीं भांडीं असत. मोटारीच्या युगांतही ही प्रवृत्ति गेली नाहीं. जॉन स्टाइनबेक हे अमेरिकन ग्रंथकार १९६० सालीं पिकअप गाडीच्या पाठीवर लहानसें घर बसवून, चार्ली नांवाचा कुत्रा सोबतीस घेऊन, आपला देश पाहण्यास निघाले. गाडीस त्यांनीं डॉन किहोटेच्या घोड्याचें ‘रोसिनांते’ हें नांव दिलें होतें. त्या प्रवासाचें पुस्तक १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. सारांश, कल्पना नवी नाहीं. प्रत्येकाची गरज मात्र निराळी असते.

आमची गरज हौसेची नव्हती. आमच्या मातोश्रींचें वय ७६ वर्षांचें. त्यांची एकुलती एक धाकटी बहीण अहिल्यानगर येथें राहते, आणि बुलढाण्याहून तें गांव सुमारें अडीचशें किलोमीटर आहे. एवढ्याशा अंतरासाठीं दोघी बहिणींची सहा वर्षांत भेट नव्हती. मातोश्रींचे गुडघे धरलेले आहेत हें एक कारण. परंतु खरें कारण निराळें होतें, आणि तें त्या कोणास सांगत नसत. प्रवासाच्या दिवशीं त्या पहाटेपासून पाण्याचा घोंटही घेत नसत. “वाटेंत कोठें जावयाचें, बाबा?” एवढेंच त्या म्हणत. आपल्या देशांतील असंख्य स्त्रियांस हा प्रश्न ठाऊक आहे. पुरुषांस तो बहुधा ठाऊक नसतो, कारण त्यांच्यासाठीं प्रत्येक झाडाचा आडोसा पुरेसा असतो. सहा वर्षांपूर्वीं वैशाखांत अशाच निर्जळी प्रवासांत त्यांस जालन्याच्या अलीकडे भोंवळ आली व दोन दिवस सलाईनवर काढावे लागले. तेव्हांपासून त्यांनीं प्रवासाचें नांव टाकिलें होतें.

आमचे मेहुणे चिखलीजवळ शेती करतात. सोयाबीन व कांदा बाजारांत नेण्यासाठीं त्यांजकडे पुढें आसनांच्या दोन रांगा व मागें लहान हौदा असलेली एक पिकअप होती. त्यांनीं मोठी गाडी घेतली तेव्हां ही जुनी आम्हांस नातेवाइकाच्या भावानें दिली. मौज अशी कीं, दोन रांगांच्या अशा गाडीस आपल्याकडे ‘कॅम्पर’ म्हणतात, पण तिच्यांत मुक्काम करण्यासारखें कांहींही नसतें. नांवास साजेल असें तिच्यांत कांहीं करावें, असा विचार आमच्या घरांत निघाला: हौद्यावर उतरतां-चढवितां येईल अशी एक खोली बांधावी, तींत एक शौचकूप, एक बिछाना व पाण्याची सोय असावी.

प्रथम कायदा पाहिला. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ रचनेशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत हीच गोष्ट स्पष्ट केली. मोटार-कॅरॅव्हॅन हा वाहनांचा निराळा वर्ग आहे व अशा वाहनांच्या मान्यतेसाठीं एआयएस-१२४ हें मानकही आहे. तेव्हां ‘आमची खोली सुटी आहे, आम्हांस कोण विचारतो?’ असें म्हणणें सुज्ञपणाचें नव्हे. पहिला पत्रा कापण्यापूर्वीं आम्हीं कागदावर आराखडा काढून तो परिवहन कार्यालयांत दाखविला व तेथें सांगितलेले फरक करूनच काम हातीं घेतलें. चॅसिसला छिद्र पाडावयाचें नाहीं, कांहीं वितळवून जोडावयाचें नाहीं, गाडीच्या रुंदीबाहेर कांहीं येऊं द्यावयाचें नाहीं, आणि गाडी चालूं असतां खोलींत कोणीही बसावयाचें नाहीं, हे आमचे चार नियम ठरले. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. हौदा मालासाठीं आहे, माणसांसाठीं नाहीं. मातोश्री पुढच्या आसनावर पट्टा लावून बसतील. खोली केवळ थांबल्यावर उघडेल.

त्यानंतर वजनाचा हिशेब. आमच्या गाडीचें रिकामें वजन १,७२० किलो व भारासह कमाल वजन २,७३५ किलो असें नोंदणीपत्रावर आहे. म्हणजे माणसें धरून सारा भार १,०१५ किलोंच्या आंत बसला पाहिजे. खोलीचा सांगाडा, पत्रा व अस्तर मिळून ३८० किलो, फळ्या व बिछाना ७०, पाणी ६०, शौचकूप भरलेल्या स्थितींत २०, विजेची बॅटरी १२, लहान गॅस सिलिंडर १२, सामान ६०, आणि चार माणसें मिळून २४०. बेरीज ८५४ किलो. हा तक्ता आमच्या पत्नीनें स्वयंपाकघराच्या भिंतीस चिकटविला, आणि जें जें कोणी सुचवी त्याचें वजन त्यापुढें लिहून ती एकच प्रश्न विचारी: “हें आईंसाठीं कीं आपल्या हौसेसाठीं?” या प्रश्नानें थंड पेटी गेली, दूरदर्शनसंच गेला, आणि चिरंजीवांनीं सुचविलेले टपावरील सहा दिवे व संगीतमय भोंगा हेही गेले.

येथें पुष्कळांची एक समजूत असते, ती मिस्त्रींनीं आमच्यासमोरच खोडून काढली. भार वाढला म्हणजे मागें एकदोन पाटे वाढवावे, कीं झालें, असें आमच्याबरोबर आलेले एक शेजारी म्हणाले. मिस्त्री हंसून म्हणाले, “मास्तर, पाटा वाढवला त गाडी वाकनार नाई, पन अ‍ॅक्सल त थोच हाये, अन्‌ ब्रेकबी थेच हायेत.” पदार्थविज्ञानाचें एवढें थोडक्यांत विवेचन आम्हांसही वर्गांत साधत नाहीं. पाट्यांनीं गाडीची पाठ सरळ राहते. तिची भार वाहण्याची परवानगी, टायरांची ताकद व गतिरोधकांची शक्ति यांत तिळमात्र भर पडत नाहीं. शिवाय फाजील पाट्यांमुळें रिकामी गाडी उसळ्या मारते. आम्हीं थकलेले पाटे काढून मूळ मापाचेच नवे बसविले, शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, आणि टायर घेतांना त्यांच्या कडेवर छापलेला भारांक पाहून घेतले. टायरांतील हवा गार असतांना, व भार घातल्यावर जेवढी लागते तेवढी भरावी, हें लहान काम वाटतें; परंतु कमी हवेचा टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो.

भार किती याइतकाच भार कोठें हाही प्रश्न आहे. तरफेचा नियम आमचे विद्यार्थी आठवींत पाठ करतात. येथें तो उपयोगास येतो. आमच्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारें तीन मीटर आहे. समजा, ६० लिटरांची टांकी मागच्या धुरेच्याही मागें एक मीटर ठेविली, तर मागच्या धुरेवर ६० नव्हे, ८० किलो पडतात व पुढच्या धुरेवरून २० किलो उचलले जातात. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे सुकाणू हलकें होतें व गतिरोधकांची पकड कमी होते. म्हणून टांकी व बॅटरी हीं जड साहित्यें आम्हीं मागच्या धुरेच्या पुढें, अगदीं तळाशीं बसविलीं. वरच्या फळीवर गोधड्या व कपडे यांपलीकडे कांहीं ठेवावयाचें नाहीं. वजन उंच गेलें कीं वळणावर गाडी कलते. खोली हौद्यास चारही कोंपऱ्यांवर साखळी व फिरकीच्या मळसूत्रानें आंवळलेली आहे. दर शंभर किलोमीटरांवर उतरून मळसूत्रें पाहावयाचीं, हें काम चिरंजीवांकडे आहे.

गतिरोधकांची परीक्षा राजूर घाटांत घेतली. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, आणि मलकापूर खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत. मधला हा घाट उतरतांना भरलेल्या गाडीचें काय होतें तें हिशेबानेंच पाहावें. २,६०० किलोंची गाडी १०० मीटर खालीं उतरली, तर तिच्यांतून सुमारें पंचवीस लाख ज्यूल शक्ति बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें सुमारें साडेआठ लिटर पाणी उकळीस येईल. ही सारी उष्णता गतिरोधकांतच जिरवूं गेल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें उतरावा, आणि गाडीस इंजिनानेंच आवरून धरावें, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. आम्हीं तो पाळला. खालीं पोंचल्यावर चाकांस करपट वास नव्हता, तेव्हां पुढील कामास आम्ही लागलों.

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनीं भोगिला आहे त्यांस सांगावयास नको कीं, पत्र्याची खोली दुपारीं भट्टीच होते. छतावर एक पांढरा पत्रा चार बोटें अंतर सोडून दुसऱ्यांदा घातला, म्हणजे ऊन वरच्या पत्र्यावर पडतें व मधली हवा वाहती राहते. भिंतींत थर्माकोलचा थर आहे. थांबल्यावर खिडकीस वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडतों. कोरड्या हवेंत तो फार गारवा देतो. तापलेली हवा वर चढते, म्हणून छताशीं बाहेर फेंकणारा पंखा व भिंतीच्या तळाशीं आंत येणारी जाळी, अशी जोडी केली.

पंखा व दिवे यांस वीज लागते. १०० अँपिअर-तासांची, १२.८ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. पंखा व तीन दिवे मिळून ३५ वॅट. आठ तासांत २८० वॅट-तास खर्च होतात. छतावरील १५० वॅटच्या सौरपट्टीस चार तास चांगलें ऊन मिळालें तरी ६०० वॅट-तास परत येतात. गाडी सुरू करणारी मूळ बॅटरी हिच्याशीं जोडलेली नाहीं. नाहींतर रात्रभर पंखा चालवून सकाळीं गाडी ढकलण्याची पाळी यावयाची. बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतरावरच फ्यूज घातला आहे, कारण तार कोठेंही घांसली तरी आग लागण्यापूर्वीं तोच वितळला पाहिजे.

आगीचा विषय निघाला म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील कोणासही १ जुलै २०२३ ची पहाट आठवल्यावांचून राहत नाहीं. समृद्धि महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. बस दरवाजाच्याच बाजूवर पडल्यामुळें बाहेर पडण्याची वाट बंद झाली होती. त्या दिवसानंतर आमच्या गांवांत कोणीही बसमध्यें चढला कीं आधीं संकटकालीन खिडकी कोठें आहे तें पाहूं लागला. आमच्या खोलीस मिस्त्रींनीं एकच दार योजिलें होतें, मागच्या बाजूस. आम्हीं दुसरी वाट मागितली. उजव्या भिंतींत माणूस निघेल एवढी खिडकी केली. ती बाहेरच्या बाजूस उघडते, आंतून किल्ली लागत नाहीं, व अंधारांत हातास लागेल अशी तिची मूठ मोठी आहे. मग प्रश्न असा कीं, गुडघे धरलेल्या मातोश्री खिडकींतून निघणार कशा? म्हणून त्यांचा बिछाना दाराशीं लावला, व खिडकीशीं आम्हीं निजावें असें ठरलें. आग विझविण्याचें लहान नळकांडें दारालगत आंतच टांगलें आहे. गॅसचें सिलिंडर खोलींत नाहींच. तें बाहेरूनच उघडणाऱ्या कप्प्यांत आहे, आणि त्या कप्प्याच्या तळास छिद्रें आहेत, कारण हा गॅस हवेहून जड असून खालीं सांचतो. स्वयंपाक बाहेर, आडोशास. थंडी कितीही पडो, बंद खोलींत कोळशाची शेगडी न्यावयाची नाहीं. तिच्या विषारी वायूस वास नसतो, व निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं हा सारा खटाटोप, तिच्याविषयीं. बंद टांकीचें, बसण्याजोगें, ४५ सेंटिमीटर उंचीचें शौचकूप खोलीच्या एका कोंपऱ्यांत पडद्याआड आहे. टांकी ओढ्यांत किंवा शेताच्या बांधावर रिकामी करावयाची नाहीं, मुक्कामाच्या घरीं किंवा सार्वजनिक शौचालयांतच करावयाची. परंतु तेथवर चढावें कसें? हौद्याचा तळ जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंच. लोखंडी शिडी सर्वांत सोपी, पण मातोश्रींस निरुपयोगी. सुतारानें १७ सेंटिमीटरांचा एक चढाव, असे पांच चढाव करून घडीचा जिना बनविला. दोन्ही बाजूंस कठडा, पायरीवर खरखरीत रबर. अंगणांत गाडी उभी करून मातोश्रींनीं तो जिना एके संध्याकाळीं तीन वेळां चढून-उतरून पाहिला. तिसऱ्या खेपेस त्यांनीं कोणाचा हात घेतला नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं बहिणीस दूरध्वनि करण्यास त्यांनीं नातवास सांगितलें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं, सर्व माणसें व सर्व सामान घालून, गाडी वजनकाट्यावर नेली. आधीं पुढचीं चाकें, मग मागचीं, मग सारी गाडी. पुढें १,०७२ व मागें १,५४० मिळून २,६१२ किलो भरले. मर्यादेच्या आंत होतें. तथापि आमच्या तक्त्याप्रमाणें २,५७४ भरावयास हवे होते. अडतीस किलो कोठून आले, हें शोधण्यासाठीं आम्हीं काट्यावरच खोली उघडली. बिछान्याखालीं ज्वारीचें एक पोतें, तुरीची डाळ, पापडांचा डबा व लोणच्याच्या दोन बरण्या निघाल्या. “माझ्या बहिणीकडे मीं मोकळ्या हातानें जाऊं कीं काय?” मातोश्री म्हणाल्या. हौसेसाठीं कीं आईंसाठीं, हा प्रश्न या वेळीं आमच्या पत्नीनें विचारिला नाहीं. पोतें मात्र पुढें सरकवून, टांकीलगत बांधून ठेविलें.

नाताळच्या सुट्टींत सकाळीं सात वाजतां आम्ही निघालों: चिखली, देऊळगांव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. ताशीं ६० किलोमीटरांवर वेग नेला नाहीं. चिखली ओलांडल्यावर मातोश्रींनीं पाणी मागितलें. मागच्या आसनावरून चिरंजीवांनीं बाटली दिली, ती त्यांनीं निम्मी संपविली. त्या दिवशीं गाडी पांच वेळां थांबली. त्यांपैकीं तीन थांबे त्यांचे होते, व ‘थांब’ म्हणतांना त्यांस संकोच वाटला नाहीं. दुपारीं एका लिंबाखालीं त्या तासभर आडव्या झाल्या. सायंकाळीं पांच वाजतां आम्ही मावशींच्या दारीं पोंचलों. दोघी बहिणी उंबऱ्यावरच बसल्या, आणि आंत चला म्हणण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

काम पुरें झालें आहे असें नव्हे. पहिल्याच पावसांत खिडकीच्या वरच्या कडेनें पाणी आंत आलें. तेथें पन्हळ लावावी लागली. जिना उघडतांना कुरकुरतो. मातोश्रींचें आतां लोणार पाहावें असें म्हणणें आहे. जन्म या जिल्ह्यांत गेला, पण तें सरोवर त्यांनीं पाहिलेलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुढें कोणी असें एखादें वाहन सजवील, तर त्यास आमचें सांगणें थोडेंच आहे. रंग व दिवे शेवटीं घ्यावे; काटा, टायर, गतिरोधक व दुसरी वाट हीं आधीं घ्यावीं. परवानगी कागदावर मागावी. आणि आराखडा काढावयास बसण्यापूर्वीं घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसास विचारावें कीं, प्रवासाच्या दिवशीं तुम्ही पाणी पितां कीं नाहीं.